खऱ्या टॉवरांची वही: मुंबईत खोटं बेस स्टेशन ओळखायला शिकताना

दादर पश्चिमेला, केशवसुत उड्डाणपुलाखाली, संध्याकाळी साडेसहाच्या गर्दीत बाबांच्या फोनवरचं ४जी एकाएकी गेलं आणि तिथे 'ई', म्हणजे २जीची खूण, दिसू लागलं. रेंजच्या काड्या मात्र पूर्ण भरलेल्या. दोनेक मिनिटांत मेसेज आला: वीजबिल थकलं आहे, आज रात्री साडेनऊला जोडणी तोडली जाईल, खाली लिंक. तो अनोळखी नंबरावरून आला नव्हता. दर महिन्याला बिलाचे मेसेज ज्या नावाने येतात त्याच नावाने, त्याच जुन्या मेसेजांच्या खाली येऊन बसला होता. शेजारी शेवंतीच्या वेण्या विकणाऱ्या मावशींनी ओले हात पदराला पुसले, फोन माझ्यापुढे धरला आणि म्हणाल्या, "दादा, हे काय आलंय बघा जरा." तोच मेसेज. पाचेक मिनिटांनी दोघांचंही ४जी परत आलं.

तो खोटा टॉवर, म्हणजे खोटं बेस स्टेशन, होता असं मी आजही छातीठोकपणे सांगत नाही, कारण त्या पाच मिनिटांत मी एकही आकडा टिपला नव्हता. काय टिपायचं तेच ठाऊक नव्हतं. त्यानंतर वर्षभर वाचत, विचारत, चुकत जे शिकलो ते इथे क्रमाने लिहितो आहे. तुम्हाला वर्ष घालवावं लागू नये, एवढ्यासाठी. इंजिनीअर असायची गरज नाही. रोजच्या ट्रेनचा डबा आपण जसा ओळखतो, तसे आपल्या भागातले टॉवर ओळखता आले की पुरे.

आधी थोडं: हा प्रकार चालतो कसा

फोन सतत आसपासचे टॉवर ऐकत असतो आणि बरा वाटेल त्याला चिकटतो. २जीमध्ये टॉवर तुमच्या सिमची ओळख तपासतो, पण फोन टॉवरची ओळख तपासतच नाही. ते तंत्रच तसं बांधलेलं आहे. ३जीपासून दोघांनी एकमेकांना तपासायची सोय आली, ४जीतही ती आहे. पण ४जीत ही तपासणी होण्याआधीचे काही निरोप उघडेच जातात, आणि खोटा टॉवर नेमका तिथे शिरतो. तो जोरदार सिग्नल सोडतो, फोनला "तू नव्या हद्दीत आलास, नोंद कर" असं भासवतो, सिमचा कायमचा क्रमांक म्हणजे आयएमएसआय विचारून घेतो आणि मग "इथे जागा नाही, २जीवर जा" म्हणून ढकलतो. २जीवर गेलेल्या फोनला हव्या त्या नावाने एसएमएस पाठवता येतो. कंपनीच्या स्पॅम-गाळणीतून तो मेसेज जातच नाही, कारण कंपनीच्या नेटवर्कमधून तो आलेलाच नसतो.

ही गोष्ट कागदावरची नाही. पॅरिसमध्ये डिसेंबर २०२२ च्या अखेरीस पोलिसांनी अडवलेल्या एका गाडीत असं यंत्र सापडलं. बँकॉकमध्ये नोव्हेंबर २०२४ मध्ये एक व्हॅन पकडली गेली. तीन दिवसांत तिच्यातून दहा लाखांच्या आसपास मेसेज गेले, असं तिथल्या पोलिसांनी सांगितलं. सामान गाडीच्या डिकीत मावतं, म्हणजे टॉवर आज इथे तर उद्या तिथे.

१. सगळ्यात आधी २जीचं दार लावा

शोधाशोध नंतर. अँड्रॉइड १२ पासून बऱ्याच फोनांत २जी बंद करायची सोय आहे. सेटिंग्जमध्ये नेटवर्क, मग सिम, आणि तिथे '२जीला परवानगी द्या' हा खटका. सॅमसंगच्या काही मॉडेलांत तो मोबाइल नेटवर्कच्या पानावर असतो. आयफोनमध्ये असा सुटा खटका नाही, पण आयओएस १७ पासून लॉकडाउन मोड लावला की २जी बंद होतं. तो मोड बाकीही बरंच काही आवळतो, तेव्हा आधी दोन दिवस लावून पाहा.

इथे तीन गोष्टींवर लोक अडखळतात. दोन सिमच्या फोनात हा खटका प्रत्येक सिमला वेगळा असतो, आणि दुसरं सिम हमखास विसरलं जातं. दुसरं, व्होल्टीई (४जीवरून कॉल करायची सोय) चालू आहे ना हे आधी बघा. ते बंद असेल तर २जी गेल्यावर फोनच लागणार नाही. तिसरं, कसारा घाटात किंवा कोकणात आत कुठे गेलात आणि रेंज मिळेना, तर तेवढ्यापुरतं चालू करा आणि परतल्यावर आठवणीने बंद करा. आणीबाणीच्या कॉलला अँड्रॉइडचा हा खटका आड येत नाही, ११२ लागतो.

ज्येष्ठांच्या फोनवर हे तुम्ही स्वतः बसून करा, फोनवरून समजावून होत नाही. मी बाबांना तीनदा समजावलं, तिन्ही वेळा ते मोबाइल डेटाच बंद करून बसले होते.

२. सामान

– एक अँड्रॉइड फोन. जुना चालेल, ४जी हवा. आयफोनवर सेलची (टॉवरच्या एकेका दिशेच्या भागाची) इतकी माहिती अ‍ॅपला मिळत नाही.
– नेटमॉन्स्टर किंवा सेलमॅपर हे अ‍ॅप. लोकेशनची परवानगी द्यावी लागते, नाहीतर सगळे रकाने रिकामे दिसतात आणि माणूस अ‍ॅपला दोष देतो.
– घरी सिमवर चालणारा ४जी किंवा ५जी राउटर असेल तर त्याच्या अ‍ॅडमिन पानाचा पासवर्ड. बहुधा राउटरच्या पाठीवर चिकटवलेला असतो.
– एक वही किंवा शीट.
– तक्रारीच्या वेळी लागेल ते: सिम ज्याच्या नावावर आहे त्याचं नाव, मोबाइल क्रमांक, *#०६# दाबून मिळणारा आयएमईआय (फोनचा ओळख क्रमांक), आणि मेसेजचे न कापलेले स्क्रीनशॉट.

अ‍ॅप नको असेल तर काही फोनांत *#*#४६३६#*#* डायल केल्यावर, सॅमसंगमध्ये *#००११# ने आणि आयफोनमध्ये *३००१#१२३४५#* ने सर्व्हिस पान उघडतं. तिथलं नुसतं वाचा. 'फक्त एलटीई' (म्हणजे फक्त ४जी) वगैरे पर्याय तिथे दिसतील, पण घाईने बदललेत तर कॉल बंद पडू शकतात.

खास यंत्र घ्यावं का, असं विचारलं जातं. अमेरिकेतल्या इलेक्ट्रॉनिक फ्रंटिअर फाउंडेशनने २०२५ मध्ये रेहंटर नावाचं मुक्त सॉफ्टवेअर काढलं. ते स्वस्त हॉटस्पॉटवर चालतं आणि मोडेम-टॉवरमधले निरोप तपासतं, जे साध्या अ‍ॅपला जमत नाही. कल्पना उत्तम आहे. पण ते ज्या हॉटस्पॉटसाठी मुळात लिहिलं तो अमेरिकी बाजाराचा आहे. आपल्याकडचे ३, ५, ४० हे बँड (लहरींचे पट्टे) तुमच्या मॉडेलला ऐकू येतात का, हे पाहिल्याशिवाय पैसे घालू नका.

एसडीआर (सॉफ्टवेअरने चालणारा रेडिओ) आणून स्वतः काही 'प्रसारित' करून बघायचा मोह मात्र पूर्ण टाळा. दूरसंचार कायदा २०२३ नुसार नेटवर्कमध्ये अनधिकृत शिरकाव किंवा संभाषण चोरून ऐकणं हा तीन वर्षांपर्यंत कैदेचा गुन्हा आहे, आणि "मी शोधत होतो" हा बचाव होत नाही.

३. पाच आकडे वाचायला शिका

अ‍ॅप उघडल्यावर आकड्यांचा पूर येतो. त्यातले पाच पुरतात.

*देश आणि कंपनीचा क्रमांक.* भारतात नेहमी दिसतात ते दोन, ४०४ आणि ४०५. त्यापुढचे दोन-तीन अंक कंपनी आणि सर्कल, म्हणजे तिचा सेवाप्रदेश, सांगतात. तुमच्या सिमचे कुठले, ते आजच लिहून ठेवा.

*टीएसी.* टॉवरांच्या एका वस्तीचा क्रमांक. एका भागातल्या एकाच कंपनीच्या बऱ्याच टॉवरांचा तो सारखा असतो, त्याची हद्द ओलांडली की बदलतो.

*सेल आयडी.* ही मोठी संख्या आहे, आणि तिला २५६ ने भागलं की टॉवरचा क्रमांक मिळतो. समजा आकडा ५१२३४५६७ आहे. भागाकार २००१३५ येतो, बाकी ७ उरते. म्हणजे टॉवर २००१३५ आणि त्याचा सेल ७. बरीच अ‍ॅप हे भागून दाखवतात, पण एकदा हाताने करून बघा, म्हणजे पुढे एकाच टॉवरचे सेल वेगळे टॉवर समजण्याची चूक होत नाही.

*पीसीआय आणि बँड.* पीसीआय हा सेलचा छोटा क्रमांक, ४जीत तो ० ते ५०३ मधला असतो. तो शहरात पुन्हा पुन्हा वापरला जातो, त्यामुळे एकट्या पीसीआयवरून काहीच ठरवू नका.

*आरएसआरपी.* सिग्नलचा जोर, उणे आकड्यात. –८० छान, –११० म्हणजे कसाबसा. –५० च्या आसपास दिसलं तर अँटेना अगदी जवळ असायला हवा. मग मान वर करा. दिसतोय का?

टॉवर कुठे आहेत हे बघायला दूरसंचार विभागाचं तरंग संचार हे संकेतस्थळ २०१७ पासून आहे. नकाशावर आपल्या आसपासचे टॉवर त्यात दिसतात. सेलमॅपरचा नकाशा लोकांच्या नोंदींवरून बनतो. त्यात टॉवरची जागा अंदाजाची असते, चार गल्ल्या इकडेतिकडे धरून चाला.

४. दहा दिवस वही ठेवा

सगळ्यात महत्त्वाची पायरी हीच, आणि लोक नेमकी हीच गाळतात. खोटा टॉवर कपाळावर पाटी लावून येत नाही. तुमच्याच कंपनीचा क्रमांक तो चोरून लावतो. इथले खरे कोण ते ज्याला पाठ आहे, त्यालाच उपरा कळतो.

चार जागा निवडा: घर, स्टेशन, कामाची जागा, आणि जिथे रोज थांबता अशी एखादी. माझ्या होत्या भांडुपचं घर, भांडुप स्टेशनचा तिकीट खिडकीचा भाग, दादरचा फुलबाजार आणि लोअर परळचं ऑफिस. प्रत्येक जागी सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा. माझ्या वहीतली ओळ अशी असते: तारीख, वेळ मिनिटापर्यंत, जागा, सिम, ४जी की ५जी, टीएसी, टॉवर–सेल, पीसीआय, बँड, आरएसआरपी. चौथ्या-पाचव्या दिवसापासून तेच ते आकडे यायला लागतात. कंटाळा येतो. तो आला म्हणजे वही बरोबर चालली आहे. दादरला बाजाराच्या दिवशी गर्दी वाढली की माझा फोन नेहमी त्याच तीन टॉवरांत फिरतो, हे मला आता न बघता सांगता येतं.

घरचा सिमवाला राउटर या कामाला सोन्यासारखा आहे. तो जागचा हलत नाही, त्यामुळे त्याचे सेल बदलायचं कारण फारसं नसतं. अ‍ॅडमिन पानावर स्टेटसखाली हे आकडे असतात. कंपनीने दिलेल्या काही ५जी डब्यांत ते झाकलेले असतात. मग जुना फोन चार्जरला लावून खिडकीत ठेवा आणि अ‍ॅपचा लॉग चालू करा.

५. संशय कधी घ्यायचा

एका खुणेवर कधीच नाही. दोन-तीन जुळल्या तर.

– जिओचं स्वतःचं २जी नेटवर्कच नाही. मुंबईत जिओच्या सिमवर 'जी' किंवा 'ई' दिसलं, तर मी तिथल्या तिथे थांबून स्क्रीनशॉट घेतो. एअरटेल किंवा व्हीआयचं सिम मात्र तळघरात, लिफ्टमध्ये साध्या कारणानेही २जीवर उतरतं.
– टीएसी असा, जो त्या भागात तुमच्या वहीत कधीच आला नाही, आणि आजूबाजूच्या सगळ्यांपेक्षा वेगळा. फोनला नव्याने नोंद करायला लावायची खोट्या टॉवरची हीच युक्ती असते.
– टॉवर क्रमांक अनोळखी, त्याचा एकच सेल, एकच बँड. खऱ्या टॉवरला बहुधा तीन दिशांचे सेल असतात आणि दोन-तीन बँड.
– –५० च्या आसपासचा जोर, समोर अँटेना नाही, आणि दहा-पंधरा मिनिटांत सगळं गायब.
– काड्या भरलेल्या, पण डेटा शून्य, कॉल लागत नाही, आणि लगेच २जी.
– देश-कंपनी क्रमांक ००१-०१. हा प्रयोगशाळेतला चाचणीचा क्रमांक आहे, रस्त्यावर दिसायचं काही कारण नाही.
– त्याच वेळी आसपासच्या, वेगवेगळ्या कंपन्यांची सिम असलेल्या लोकांना एकच मेसेज. माझ्या मते ही सगळ्यात भक्कम खूण, आणि तिला अ‍ॅप लागत नाही. मावशींनी फोन दाखवला नसता तर मी बाबांचा मेसेज नेहमीची फसवणूक समजून पुसून टाकला असता.

मेसेजच्या नावावर जाऊ नका. कंपन्यांच्या मेसेजांच्या नावाआधी दोन अक्षरं असतात, टेलिकॉम कंपनीचं आणि सर्कलचं. मे २०२५ पासून शेवटी पी, एस, टी, जी यांपैकी एक अक्षरही लागतं, म्हणजे जाहिरात, सेवा, व्यवहार की सरकारी ते कळावं. खऱ्या नेटवर्कमधून आलेल्या मेसेजला हे बंधन आहे. खोटा टॉवर नाव स्वतःच छापतो, अक्षरांसकट. शेपूट बरोबर आहे म्हणून मेसेज खरा, असं होत नाही.

बॅटरी लवकर उतरणं आणि फोन तापणं या 'खुणा' सगळीकडे फिरतात. मुंबईच्या मे महिन्यात कुठला फोन तापत नाही? त्या सोडून द्या.

अँड्रॉइड १६ मध्ये नेटवर्कने ओळख क्रमांक मागितला किंवा जोडणी बिनकुलपाची असली तर सूचना देण्याची सोय आली आहे, पण फोनचा मोडेम तशी माहिती देणारा हवा. सेटिंग्जमध्ये 'मोबाइल नेटवर्क सुरक्षा' असं पान दिसलं तर लगेच चालू करा.

६. मुंबईतले चकवे

माझे तीन आठवडे एका चकव्यात गेले. भांडुपच्या आमच्या गल्लीच्या तोंडाशी एका संध्याकाळी आरएसआरपी –४८ दिसला. टॉवर नाही, काही नाही. रोज तिथे जाऊन उभा राहायचो. शेवटी वही काढून जुने आकडे ताडले, तर टॉवर क्रमांक, सेल, टीएसी, सगळे डोंगराच्या बाजूच्या नेहमीच्या टॉवरचेच. एका दुकानदाराने आत रेंज यावी म्हणून बूस्टर बसवला होता. बूस्टर खऱ्या टॉवरचाच आवाज मोठा करतो, ओळख तीच राहते. खोटा टॉवर स्वतःची ओळख घेऊन येतो. हा फरक पाठ करा. विनापरवाना बूस्टरही बेकायदेशीरच असतो आणि आसपासच्यांचे कॉल बिघडवतो, पण तो वेगळा विषय.

बाकी नेहमीचे चकवे: लोकलमधून जाताना टीएसी भराभर बदलतो, म्हणून चालत्या गाडीतली नोंद वहीत धरू नका. भुयारी मेट्रो ३ मधून वर आलं की फोन रेंज शोधत धडपडतो आणि दोन-चार विचित्र ओळी टाकतो. मॉल आणि मोठ्या ऑफिसांत आतले छोटे सेल असतात, जोर भरपूर आणि टॉवर अदृश्य. लालबागला गणपतीत किंवा अनंत चतुर्दशीला गिरगाव चौपाटीवर गर्दीसाठी कंपन्या चाकावरचे टॉवर आणतात. तेही नवे, तात्पुरते आणि जोरदार असतात, पण त्यांच्यावर डेटा आणि कॉल चालतात. कल्याणच्या पुढे मुंबई सर्कल संपून महाराष्ट्र सर्कल लागतं, तिथे कंपनी क्रमांकच बदलतो. तो तर बदलायलाच हवा.

७. तो क्षण आला तर

पहिल्या दहा सेकंदांत अ‍ॅपच्या पानाचा स्क्रीनशॉट, वरच्या पट्टीतली वेळ दिसेल असा. लगेच विमान मोड. ओटीपी लागणारं कुठलंही काम त्या जागी करू नका. शेजारच्या दोघातिघांना विचारा: नेटवर्क गेलं का, काही मेसेज आला का, सिम कुठलं. तिथून तीन-चार किलोमीटर पुढे गेल्यावर विमान मोड काढा आणि पुन्हा स्क्रीनशॉट घ्या, म्हणजे आधी आणि नंतर दोन्ही हाती राहतं.

संशयास्पद गाडी शोधत फिरू नका, कुणाला जाब विचारू नका, गाडीचा फोटो सोसायटीच्या ग्रुपवर टाकू नका. निरपराध माणूस जमावाच्या हाती सापडेल. आणि मेसेज पुसू नका, फक्त त्यातली लिंक उघडू नका म्हणजे झालं.

८. तक्रार अशी लिहा

माझी पहिली तक्रार होती, "आमच्या भागात टॉवर संशयास्पद वाटतो." दोन दिवसांत उत्तर आलं, "नेटवर्क सुरळीत आहे", आणि तक्रार बंद. पुढच्या वेळी बूस्टरबद्दल लिहिताना टॉवर क्रमांक, सेल, टीएसी, बँड, जोर, पाच दिवसांच्या वेळा आणि जागेची खूण दिली. तिसऱ्या दिवशी नेटवर्क विभागातल्या इंजिनीअरचा फोन आला आणि त्याने मला एकही पायरी पुन्हा सांगायला लावली नाही.

कुठे करायची ते नुकसानीवर ठरतं. पैसे गेले असतील तर क्षणभर न थांबता १९३० वर फोन, मग राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर नोंद आणि जवळचं पोलीस ठाणं. इथे तास मोजले जातात, आकडे नंतर द्या. पैसे गेले नसतील, नुसता फसवा मेसेज असेल तर दूरसंचार विभागाच्या संचार साथी अ‍ॅप किंवा संकेतस्थळावरची, फसवे मेसेज कळवायची चक्षू सोय. टॉवरबद्दल संशय असेल तर त्याशिवाय स्वतःच्या कंपनीला १९८ वर. तिथे "फोन बंद करून चालू करा" असं सांगतील. ते शांतपणे करा, आणि मग तक्रार नेटवर्क विभागाकडे लेखी नोंदवून घ्यायला सांगा.

मजकूर साधारण असा ठेवा, भाषा फुलवू नका:

"अमुक तारखेला संध्याकाळी ६.३२ ते ६.३८, दादर पश्चिम, केशवसुत उड्डाणपुलाखाली, फुलबाजाराच्या बाजूला. माझं सिम ४जीवरून २जीवर गेलं. त्या वेळी दिसलेले टीएसी, टॉवर–सेल, पीसीआय, बँड, जोर असे. याच जागी गेल्या दहा दिवसांत दिसलेले आकडे सोबत जोडले आहेत. ६.३४ ला जोडलेला मेसेज आला. शेजारच्या दोन वेगळ्या कंपन्यांच्या सिमवर तोच मेसेज आला. हे टॉवर आपले आहेत का, एवढं तपासून लेखी कळवावं."

शेवटचं वाक्य तसंच ठेवा. "हा खोटा टॉवर आहे" असं लिहिलंत तर सिद्ध करायचं ओझं तुमच्यावर येतं. "हा तुमचा आहे का" या प्रश्नाचं उत्तर कंपनीला आपल्या यादीतून पाच मिनिटांत देता येतं. शेजाऱ्यांचे नंबर तक्रारीत घालण्याआधी त्यांना विचारा. तक्रार क्रमांक मिळाला की वहीत त्याच दिवसाच्या ओळीपुढे लिहा, आणि आठवड्याने तो क्रमांक सांगून पुन्हा विचारा.